तेरा गाड्यांचा कारखाना

मोटारगाडीचा इतिहास सांगावयास बसलें कीं बहुधा दोनच नांवें ओठांवर येतात. जर्मनींतील कार्ल बेन्झ यानें १८८६ सालीं पेट्रोलवर चालणाऱ्या तीनचाकी गाडीचें हक्कपत्र मिळविलें, हें एक. आणि अमेरिकेंतील हेन्री फोर्ड यानें १९०८ पासून आपली टी नमुन्याची मोटार लाखांनीं तयार करून ती सामान्य माणसाच्या दारांत आणून उभी केली, हें दुसरें. या दोन सालांमधील बावीस वर्षांत किती कारखाने निघाले, किती बुडाले आणि किती हुन्नरी माणसें आपलें नांव मागें न ठेवतां गेलीं, याची विचारपूस सहसा कोणी करीत नाहीं. अशा विस्मृत कारखान्यांपैकींच एक ड्युरिया मोटार वॅगन कंपनी ही होय. अमेरिकेंत पेट्रोलच्या गाड्या तयार करून विकण्यासाठीं स्थापन झालेली ही पहिली कंपनी. तिचें आयुष्य उणेंपुरें तीन वर्षांचें. १८९५ सालीं ती जन्मास आली आणि १८९८ सालीं संपली. परंतु ती कां संपली, आणि तिच्या मागें दोघां सख्ख्या भावांत जो वाद उरला त्यांत न्याय कोणाच्या बाजूस आहे, हा प्रश्न आजही विचार करण्यासारखा आहे.

चार्ल्स ड्युरिया आणि फ्रँक ड्युरिया हे ते दोघे भाऊ. दोघांचाही जन्म इलिनॉय संस्थानांतील. चार्ल्स १८६१ सालचा, फ्रँक १८६९ चा. म्हणजे वयांत आठ वर्षांचें अंतर. एवढ्या अंतरानें थोरला भाऊ केवळ भाऊ राहत नाहीं, तो निम्मा वडील होतो. आणि पुढील हकीकत नीट समजण्यास हें लक्षांत ठेवणें अवश्य आहे. चार्ल्स हा कल्पक, बोलका, लिहिण्याची हौस असलेला. सायकलींचे नवनवे नमुने काढावे, ते दुसऱ्याच्या कारखान्यांत तयार करवून घ्यावे आणि विकावे, हा त्याचा धंदा. फ्रँक अबोल. त्याचा सारा जीव हातांतील हत्यारांत. मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील चिकोपी गांवीं एम्स कंपनीचा कारखाना होता. तेथें चार्ल्सच्या सायकली तयार होत, आणि तेथेंच फ्रँक हत्यारें घडविणारा कारागीर म्हणून नोकरीस लागला.

हा प्रदेश कोणता, हें थोडें सांगितलें पाहिजे. चिकोपीच्या शेजारींच कनेटिकट नदीच्या कांठीं स्प्रिंगफील्ड शहर आहे. तेथें १७९४ पासून अमेरिकन सरकारचा बंदुकांचा कारखाना होता. एका बंदुकीचा भाग काढून दुसऱ्या बंदुकीस जसाच्या तसा बसावा, इतक्या काटेकोर मापानें भाग तयार करण्याची विद्या ज्या थोड्या ठिकाणीं वाढीस लागली, त्यांपैकीं हें एक. एम्स कंपनीही तलवारी, तोफा आणि यंत्रें करणारी. तात्पर्य, त्या खोऱ्यांत पोलादावर हात चालविणारा माणूस शोधावा लागत नसे. बंदुकीच्या विद्येंतून सायकल आली आणि सायकलीच्या विद्येंतून मोटार आली, असें म्हटलें तर त्यांत अतिशयोक्ति फारशी नाहीं.

पेट्रोलच्या इंजिनाची कल्पना चार्ल्सच्या मनांत आधीं आली. १८८६ सालीं ओहायो संस्थानच्या प्रदर्शनांत तो सायकली घेऊन गेला असतां तेथें जागेवर चालणारें एक पेट्रोलचें इंजिन त्याच्या दृष्टीस पडलें. हें इंजिन हलकें करून गाडीस जोडलें तर घोड्याचें काम राहणार नाहीं, हा विचार तेथपासून त्याच्या डोक्यांत घोळूं लागला. १८९२ च्या वसंत ऋतूंत स्प्रिंगफील्ड येथील अर्विन मार्कहॅम नांवाच्या गृहस्थानें या प्रयोगासाठीं एक हजार डॉलर देण्याचें कबूल केलें. दोघां भावांनीं टेलर रस्त्यावरील एका कारखान्याच्या माडीवर जागा भाड्यानें घेतली आणि स्त्रियांच्या वापरांतील एक जुनी घोड्याची बग्गी सत्तर डॉलरांस विकत आणली. अमेरिकेंतील मोटारीच्या धंद्याचें मूळ भांडवल हें असें होतें.

परंतु काम जेमतेम मार्गास लागलें तोंच, त्याच वर्षीं सप्टेंबर महिन्यांत, चार्ल्स आपल्या सायकलींच्या धंद्यासाठीं इलिनॉयमधील पिओरिया गांवीं निघून गेला. पिओरिया ते स्प्रिंगफील्ड हें अंतर हजार मैलांच्या घरांतलें. यापुढें दोघांचा संबंध राहिला तो पत्रांचा. माडीवर फ्रँक एकटा उरला, आणि थोड्याच दिवसांत तो विषमज्वरानें रुग्णालयांत पडला. बरा होऊन परत आला तेव्हां त्याच्यासमोर एक अर्धवट इंजिन होतें आणि तें कांहीं केल्या सुरूच होईना.

येथें इंजिनाची गोष्ट थोडक्यांत सांगणें भाग आहे. पेट्रोलचा वाफारा हवेंत योग्य प्रमाणांत मिसळावा, तें मिश्रण बंद नळकांड्यांत कोंडावें आणि नेमक्या क्षणीं त्यास ठिणगी द्यावी. मिश्रणाचा भडका उडून नळकांड्यांतील दट्ट्या पुढें ढकलला जातो आणि त्या धक्क्यानें चाक फिरतें. बोलण्यास हें सोपें आहे. पण वाफारा कमी पडला तर भडका होत नाहीं, जास्त झाला तरी होत नाहीं. ठिणगी क्षणभर लवकर पडली तर दट्ट्या उलटा ढकलला जातो. भडक्याच्या उष्णतेनें नळकांडें तापून लाल होऊं नये म्हणून त्याच्याभोंवतीं पाण्याचें आवरण ठेवावें लागतें. यांपैकीं एकाही गोष्टीचा सिद्ध नमुना फ्रँकजवळ नव्हता. चार्ल्सनें मागें ठेवलेली आंखणी त्यानें करून पाहिली, ती चालेना. तेव्हां ती बाजूस सारून त्यानें इंजिन जवळजवळ नवेंच बांधलें. पेट्रोलचा फवारा उडविणारें कार्ब्युरेटर, विजेची ठिणगी, पाण्यानें थंड होणारें नळकांडें, या सर्वांची जुळणी त्या माडीवर एकट्या तेवीस वर्षांच्या कारागिरानें केली.

१८९३ च्या सप्टेंबरांतील तिसऱ्या आठवड्यांत ही गाडी गांवाबाहेर मार्कहॅमच्या जांवयाच्या घरीं नेण्यांत आली. आणि गंमत अशी कीं, बिनघोड्याची ही गाडी तेथें नेली ती घोडा जुंपून आणि अंधार पडल्यावर. लोकांनीं हंसूं नये एवढाच हेतु. दुसरे दिवशीं इंजिन सुरू झालें. गाडी आपल्या बळावर थोडें अंतर गेली आणि मातीच्या एका लहानशा उंचवट्यास अडून थांबली. चाकास गति देण्यासाठीं घर्षणाची जी योजना चार्ल्सनें सुचविली होती, तिचा पट्टा घसरत असे. पुढें १८९४ च्या प्रारंभीं फ्रँकनें ती योजना काढून टाकून दांत्यांचीं चाकें बसविलीं, तेव्हां गाडी खऱ्या अर्थानें चालूं लागली.

अमेरिकेंतील पहिली मोटार हीच, असें मात्र खात्रीनें म्हणतां येत नाहीं. ओहायोमधील जॉन लॅम्बर्ट यानें १८९१ सालींच एक तीनचाकी गाडी चालविली होती आणि ती विकण्याचाही प्रयत्न केला होता. परंतु गिऱ्हाईक न मिळाल्यामुळें त्यानें तो नाद सोडला. पहिलेपणाचा मान हा अनेकदां असा धूसर असतो. ड्युरियांचें महत्त्व त्यांनीं एक गाडी केली यांत नसून, ते एका गाडीवर थांबले नाहींत यांत आहे.

मार्कहॅमनें हात आखडता घेतल्यावर फ्रँकनें दुसरे भांडवलदार मिळविले आणि दोन नळकांड्यांच्या इंजिनाची दुसरी गाडी बांधली. १८९५ च्या सप्टेंबरांत कंपनीची रीतसर स्थापना झाली. आणि दोनच महिन्यांनीं या गाडीनें अशी कामगिरी केली कीं सबंध देशाचें लक्ष तिच्याकडे वेधलें.

शिकागो येथील टाइम्स-हेरल्ड या वृत्तपत्राचा मालक कोलसाट यानें बिनघोड्याच्या गाड्यांची शर्यत जाहीर केली होती. त्याच वर्षीं जून महिन्यांत फ्रान्समध्यें पॅरिसहून बोर्डो येथें जाऊन परत येण्याची मोठी शर्यत झाली होती. तिच्या बातम्यांनीं अमेरिकेंतील लोकांसही हुरूप आला. परंतु या वाहनास नांव काय द्यावें, येथूनच अडचण होती. वृत्तपत्रानें नांवासाठीं पांचशें डॉलरांचें बक्षीस लावलें आणि ‘मोटोसायकल’ या शब्दास तें दिलें. तो शब्द पुढें दुचाकीच्या वांट्यास गेला, हा दैवाचा खेळ.

शर्यत पहिल्यानें जुलैमध्यें व्हावयाची होती. गाड्याच तयार नसल्यामुळें ती नोव्हेंबरच्या दुसऱ्या तारखेवर गेली. त्याही दिवशीं ड्युरियांची आणि डिकेटर गांवच्या म्यूलरची बेन्झ, अशा दोनच गाड्या सिद्ध होत्या. दोघांची एक धांव करविण्यांत आली. तींत शेतकऱ्याच्या गाडीस वांचवितांना फ्रँकची गाडी खड्ड्यांत गेली. ती दुरुस्त करून त्यानें पुन्हां शिकागोस आणली आणि २८ नोव्हेंबर १८९५ रोजीं, अमेरिकन लोकांच्या कृतज्ञतेच्या सणाच्या दिवशीं, खरी शर्यत झाली. आधींच्या दिवसांत तुफान बर्फ पडला होता. रस्त्यांवर बर्फाचे ढीग आणि चिखल. जॅक्सन पार्कपासून इव्हॅन्स्टनपर्यंत जाऊन परत येण्याचा ५४ मैलांचा मार्ग. नांवें तर पुष्कळांनीं दिलीं होतीं. सुटण्याच्या जागीं उभ्या राहिल्या सहाच गाड्या. तीन बेन्झ, दोन विजेच्या आणि एक ड्युरिया. विजेच्या गाड्यांचा संचय त्या थंडींत लौकरच सरला.

सकाळीं ८ वाजून ५५ मिनिटांनीं फ्रँक निघाला. प्रत्येक गाडीवर एक पंच बसविलेला होता. वाटेंत त्याच्या गाडीचा सुकाणूचा दांडा मोडला. सणाचा दिवस, दुकानें बंद. तरी एका लोहाराची भट्टी शोधून काढून त्यानें तो दांडा स्वतः सांधला. पुढें एके ठिकाणीं तो वाट चुकला. शेवटीं संध्याकाळीं ७ वाजून १८ मिनिटांनीं, अंधार पडल्यावर, तो ठराविक जागीं येऊन पोंचला. एकंदर वेळ १० तास २३ मिनिटें; थांबण्याचा वेळ वजा केला तर ७ तास ५३ मिनिटें. हिशेब केला तर ताशीं सात मैलही भरत नाहींत. बऱ्यापैकीं टांग्याचें घोडें चांगल्या रस्त्यावर याहून जलद जाईल. पण त्या दिवशीं, त्या बर्फांत, घोडीं घरीं होतीं आणि ही गाडी ५४ मैल जाऊन आली होती. दोन हजार डॉलरांचें पहिलें बक्षीस तिला मिळालें. दुसरी गाडी म्यूलरची बेन्झ सुमारें दीड तासानें आली. तिचा चालक थंडीनें व थकव्यानें बेशुद्ध झाल्यामुळें गाडीवरील पंच चार्ल्स किंग यानें सुकाणू हातीं घेऊन ती पुरी केली. हाच किंग पुढें चार महिन्यांच्या आंत डेट्रॉइट शहरांत आपली स्वतःची मोटार घेऊन रस्त्यावर आला; आणि तिच्यामागें सायकलवरून जाणाऱ्यांत हेन्री फोर्ड होता, असें सांगतात. फोर्डची पहिली गाडी त्यानंतर जून १८९६ मध्यें धांवली.

शर्यतीच्या दिवशीं गाडीवर होता फ्रँक. चार्ल्सही शिकागोस आला होता. पण तो बर्फांतून मागें येणाऱ्या घोड्यांच्या गाडींत होता. दुसरे दिवशींच्या वर्तमानपत्रांतून ‘ड्युरिया’ हें एकच नांव गाजलें आणि तें कोणत्या ड्युरियाचें, हें विचारण्याची कोणास गरज भासली नाहीं.

१८९६ हें कंपनीच्या भाग्याचें वर्ष. त्या वर्षीं स्प्रिंगफील्ड येथील कारखान्यांत एकाच आंखणीच्या तेरा गाड्या तयार झाल्या. आज हा आंकडा हास्यास्पद वाटेल. परंतु तोंपर्यंत अमेरिकेंत ज्याची त्याची गाडी ही एकुलती एक असे. दुसरी करावयाची तर पुन्हां आरंभापासून. एकाच नमुन्यावरून अनेक गाड्या काढण्याचा त्या देशांतील हा पहिला प्रसंग. बंदुकीच्या गांवची विद्या येथें फळास आली. एक गाडी बार्नम आणि बेली यांच्या प्रसिद्ध सर्कशीनें घेतली. हत्ती आणि विदूषक यांच्या मिरवणुकींत ही बिनघोड्याची गाडी मिरविण्यांत येई, आणि लोक तिच्याकडे हत्तीइतक्याच कुतूहलानें पाहत. त्याच वर्षीं ३० मे रोजीं न्यूयॉर्कजवळच्या शर्यतींत एका ड्युरिया गाडीची सायकलवरून जाणाऱ्या एका स्त्रीस धडक बसून तिचा पाय मोडला आणि चालकास रात्र कोठडींत काढावी लागली. मोटारीच्या अपघातांच्या अमेरिकेंतील लांबलचक यादींत ही नोंद अगदीं आरंभीं येते. नोव्हेंबरमध्यें इंग्लंडांत मोटारींवरील जाचक कायदा शिथिल झाला, त्या आनंदाप्रीत्यर्थ १४ तारखेस लंडनहून ब्रायटनपर्यंत मोटारींची फेरी निघाली. तींतही दोन ड्युरिया गाड्या होत्या आणि ब्रायटनला पोंचलेल्या गाड्यांत त्या आघाडीस होत्या.

इतका लौकिक असतां कारखाना दोन वर्षांत बंद कां पडावा? पहिलें कारण उघड आहे. तेरा गाड्यांच्या विक्रीवर कारखाना चालत नाहीं. भाग जरी एका मापाचे असले तरी जुळणी हातानें व्हावयाची, आणि प्रत्येक गाडीमागें कुशल कारागिरांचे कित्येक दिवस मोडावयाचे. दुसरें कारण गिऱ्हाइकाचें. त्या काळीं मोटार घेणाऱ्याजवळ पैसा तर हवाच, पण अंगांत थोडी लोहारकीही हवी. वाटेंत गाडी अडली तर तिला ओळखणारा दुसरा कोणी भेटावयाचा नाहीं. अशीं माणसें थोडीं. पुढें रॅन्सम ओल्ड्स यानें डेट्रॉइट येथें हलकी आणि स्वस्त गाडी काढली व १९०१ मध्यें ४२५, आणि त्यापुढील वर्षीं २,५०० गाड्या विकल्या. पण तोंपर्यंत लोकांची नजर मोटारीस सरावली होती. ड्युरिया बाजारास पांच वर्षें आधीं आले. फोर्डची सुद्धां डेट्रॉइट ऑटोमोबाइल कंपनी ही पहिली कंपनी १८९९ ते १९०१ एवढीच टिकली. तेव्हां आरंभींचें अपयश हा कांहीं एकट्या ड्युरियांचाच दोष नव्हे.

तरीही तिसरें कारण उरतें, आणि तेंच खरें मर्मावर बोट ठेवणारें आहे. फोर्ड पडला आणि पुन्हां उठला, कारण तो एक होता. ड्युरिया दोन होते. कारखाना स्प्रिंगफील्डला फ्रँकच्या हातीं, आणि थोरल्या भावाचा शब्द मोठा. एकाची कल्पना कागदावर, दुसऱ्याचा हात पोलादावर. भांडवलवाल्यांस नफा हवा होता आणि तो दिसत नव्हता. भावाभावांचें पटेना, भागीदारांशींही पटेना. अखेर १८९८ सालीं दोघांनीं आपले हक्क विकून टाकले आणि कंपनीचा शेवट झाला. त्यानंतर ते दोघे पुन्हां एका कारखान्यांत आले नाहींत.

चार्ल्स पेनसिल्व्हेनियांतील रेडिंग येथें गेला. तेथें त्यानें तीन नळकांड्यांच्या, एकाच दांड्यानें सर्व हुकूम मानणाऱ्या गाड्या काढल्या. त्यांची कल्पकता वाखाणण्यासारखी होती. पण धंदा वाढला नाहीं. फ्रँक चिकोपी फॉल्स येथील स्टीव्हन्स बंदूक कंपनीशीं जोडला गेला. स्टीव्हन्स-ड्युरिया या नांवाच्या त्याच्या गाड्या भारी किंमतीच्या व उत्तम बांधणीच्या म्हणून नांवाजल्या गेल्या. सहा नळकांड्यांच्या इंजिनाकडे अमेरिकेंत लौकर वळलेल्या कारखान्यांत त्याची गणना होते. १९१५ च्या सुमारास प्रकृतीच्या कारणानें तो या धंद्यांतून निवृत्त झाला.

आणि मग वाद. १८९३ ची मूळ गाडी १९२० सालीं वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय संग्रहालयास मिळाली. गाडी संग्रहालयांत आली म्हणजे तिच्याखालीं नांवाची पाटी लागते, आणि पाटीवर कोणाचें नांव असावें हा प्रश्न उभा राहतो. चार्ल्स लिहिता आणि बोलता. अमेरिकन मोटारीचा जनक आपणच, असें त्यानें लेखांतून आणि पत्रांतून वारंवार सांगितलें. फ्रँक पुष्कळ वर्षें गप्प राहिला. १९३८ सालीं चार्ल्स वारला. त्यानंतर १९४२ मध्यें फ्रँकनें अमेरिकेच्या पहिल्या मोटारीवर एक पुस्तक लिहून आपली बाजू मांडली. भाऊ हयात असतां एवढ्या विस्तारानें जें सांगितलें नव्हतें, तें त्यानें आतां सांगितलें. याला कोणी भित्रेपणा म्हणेल, कोणी मर्यादा म्हणेल. आठ वर्षांनीं धाकटा असलेल्या भावाच्या बाबतींत दुसरा शब्दच अधिक योग्य दिसतो.

न्याय कसा करावा? चार्ल्सला वगळतां येत नाहीं. पहिली ओढ त्याची, पहिली आंखणी त्याची, मार्कहॅमचा पैसाही त्याच्या वाणीनें आला. तो नसता तर फ्रँक कदाचित् जन्मभर एम्स कंपनींत हत्यारेंच घडवीत राहिला असता. परंतु १८९२ च्या सप्टेंबरापासून पुढें जें इंजिन सुरू झालें, जी गाडी चालली, जी बर्फांतून ५४ मैल गेली आणि जिच्यासारख्या तेरा निघाल्या, तें सारें काम प्रामुख्यानें फ्रँकचें, याविषयीं पुढील संशोधकांनीं कागदपत्रें तपासून फारसा संशय ठेवलेला नाहीं. पिओरियाहून पत्रें लिहिणाऱ्यानें गाडी ‘केली’, आणि माडीवर पट्टा घसरतांना पाहणाऱ्यानें नुसती ‘बांधली’, असा भेद करूं पाहणाऱ्यानें एकदां तरी न चालणाऱ्या इंजिनासमोर उभें राहून पाहावें.

फ्रँक ड्युरिया कनेटिकटमधील सेब्रुक येथें १९६७ सालीं वारला. त्या वेळीं त्याचें वय ९७ वर्षांचें होतें. १८९६ च्या त्या तेरा गाड्यांपैकीं एक शिल्लक आहे. ती डिअरबॉर्न येथील हेन्री फोर्डच्या संग्रहालयांत ठेवली आहे.